कातळावरची नारिंगी साडी

पोलादपूरच्या बाजारपेठेच्या मागच्या अंगाला एक बैठी चाळ आहे. तिच्यातल्या कडेच्या दोन खोल्यांत आम्रपाली गमरेची सकाळ रोज एकाच घाईत उगवायची. तव्यावर तांदळाची भाकरी, दुसऱ्या शेगडीवर डब्यासाठी वालाचं बिरडं, मागे मोरीत सासूबाईंच्या, म्हणजे कमळाबाईंच्या, बादलीचा खडखडाट. नवरा अरविंद महाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला. लेक अंकिता वेणीसाठी पाठमोरी उभी, तोंडात रिबन धरून. आम्रपालीच्या एका हाताला पीठ, दुसऱ्या हातात कंगवा आणि भाकरी उलटायला आलेली, तेवढ्यात दारावर थाप पडली. कडी हालेल अशी.

"आम्रपाली! ए आम्रपाली! दार उघड गो आधी!"

शेजारच्या नुरजहाँ चाची. त्यांचे मालक कुवेतला, मुलं मुंबईला. त्यामुळे चाळीत शिरणारी कुठलीही बातमी आधी चाचींच्या मोबाइलात उतरायची आणि मग बाकीच्यांच्या घरी जायची. आज ओढणी अर्धी घसरलेली, मोबाइल पुढे केलेला.

"काय झालं चाची? कुवेतहून काही...?"

"कुवेतचं काय घेऊन बसलीस? तू वॉट्सअपवर आलीस!"

घाटात चालत्या गाडीतून काढलेला व्हिडिओ होता. रस्त्याच्या वळणावरचा काळा कातळ, कातळावर पांढरा कोट घातलेली एक बाई. बाई मोबाइल डोक्याच्याही वर धरते, मान डावीकडे करते, उजवीकडे करते, डोळे मिचकावते. मग मोबाइल पर्समध्ये टाकते, पर्समधून एक नारिंगी साडी काढते, दोन्ही हातांनी झटकते आणि शेजारच्या ऐनाच्या फांदीला छान पसरून बांधते. मागून कुणाचा तरी हसरा आवाज: "ये देखो भाई, सरकारी नर्स. ड्यूटी टाइम में पहले सेल्फी, फिर साड़ी सुखाना. सैलरी अपने टैक्स से!" आणि खाली मराठीत लिहिलेलं: हिला कोण ओळखतं? शेअर करा.

आम्रपालीच्या हातातला कंगवा वेणीतच अडकून राहिला. कमळाबाई ओले हात पदराला पुसत आल्या, चष्मा चढवून त्यांनी व्हिडिओ एकदा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला.

"आम्रपाली."

"काय आई?"

"ती साडी माझी हाय."

कमळाबाईंनी मोबाइलवरच्या साडीवर बोट टेकवलं.

"माझी नारिंगी साडी! अरविंदानं बुद्धपौर्णिमेला घेतलेली. किती शोधली मी ती! मला वाटलं वलणीवरनं कुणी उचलली. चाचींवर पण संशय घेतला व्हता मी."

"माझ्यावर?" चाचींनी मोबाइल छातीशी धरला.

"घेतला व्हता म्हनते. आता नाय."

"आई, पदराला फाटली होती ती," आम्रपाली पुटपुटली.

"फाटली म्हनून काय सरकारला दिलीस?"

तव्यावरची भाकरी एव्हाना करपली होती. अंकिता एका वेणीवरच शाळेत गेली.

आता पंचाईत अशी, की व्हिडिओत दिसलं ते सगळं खरंच होतं. कातळ खरा, मोबाइल खरा, साडी तर कमळाबाईंनीच ओळखलेली.

आम्रपाली बोरखिंडच्या उपकेंद्राची नर्स. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पलंग, औषधांचं कपाट आणि बाहेर निळा बोर्ड. नोकरी कंत्राटी. अकरा महिन्यांनी करार संपायचा, एक दिवस घरी बसायचं, पुन्हा नव्या करारावर सही. आंबेनळी घाट चढायला लागलं की एका बाजूला जी दरी उघडते तिच्या पोटात बोरखिंड, आणि समोरच्या उतारावर, एकीच्या डोक्यावर एक, अशा त्याच गावच्या वाड्या. दरीत कुठल्याच कंपनीची रेंज नाही. टॉवर येणार म्हणून मागे एक खड्डा खणून ठेवलाय. पावसाळ्यात त्यात बेडूक राहतात.

आणि सरकारी हजेरी तर मोबाइलवरच. आपला चेहरा मोबाइलला दाखवायचा, मान इकडे, मान तिकडे. तो चेहरा वर जिल्ह्याला पोचला तर बाई कामावर, नाहीतर गैरहजर. रेंज पकडायची ती त्या वळणावरच्या कातळावरच, तीही हात उंच केला तर. म्हणून आम्रपाली रोज स्कूटी वळणावर लावायची, कातळावर चढून हजेरी द्यायची आणि मग पायवाटेने खाली उतरायची. बोरखिंडचे मास्तरही तिथंच यायचे. "सिस्टर, देवळात कधी एवढ्या नेमानं गेलो नाही हो," असं ते दर चार दिवसांनी म्हणायचे.

साडीची गोष्ट हजेरीच्याही आधीची. दरडी कोसळून घाट बंद पडला होता, त्या पावसाळ्यानंतरची. आम्रपाली तेव्हा नवी होती. समोरच्या उतारावर अगदी वरच्या वाडीत ललिता आजी एकटी राहायची. नर्स आलीय का हे बघायला म्हातारीला दरी उतरून पुन्हा चढावी लागे, आणि कुणाला काय होतंय हे कळायला आम्रपालीला सगळ्या वाड्या पायाखाली घालाव्या लागत. दोघींचेही गुडघे बोलायला लागले होते.

एक दिवस आजी म्हणाली, "सिस्टर, तू आलीस का त्या कातळावं कायतरी लाव गो. लांबून दिसंल असं. ज्याला तू पायजेस तो आपल्या अंगणात कायतरी टांगंल."

"काय टांगणार, आजी?"

"लुगडं. दुसरं काय हाय आमच्याकडं टांगायला?"

तेव्हापासून ठरून गेलं. ऐनावर नारिंगी दिसली की सिस्टर आली. ज्या घरी गरज असेल त्या घराने अंगणात काठी उभी करायची आणि तिला एखादं लुगडं बांधायचं. रोजचं धुणं आडव्या वलणीवर, सिस्टरचं लुगडं उभ्या काठीवर, म्हणजे घोटाळा नको. लाल असेल तर आधी तिथं धाव. पावसाळ्यात धुकं बसलं की साडी कुठली दिसायला, तेव्हा ताट वाजवायचं. सोमवार हा वाड्यांचा खास दिवस. त्या दिवशी आम्रपाली अख्खा उतार चढून यायची. बोरखिंडच्या बायकांच्या पोटात पोर राहिल्यापासून ते पोर अंगणवाडीत जाईपर्यंतचा सगळा हिशेब त्या काठ्यांवर चालायचा.

पण घोडं पेंड खात होतं ते इथंच. वर जिल्ह्याला मोजली जायची ती उपकेंद्राची पायरी चढून आलेली माणसं. घरी जाऊन तपासलेल्यांचा कुणी विचारच केला नव्हता. बोरखिंडची पायरी तर कोरडीच. खर्चकपातीची हवा सुटली होती. ज्या केंद्रात माणसं येत नाहीत ती एप्रिलपासून बंद, अशी कुजबुज होती. वरंधच्या बाजूला एका केंद्राचा बोर्ड उतरलाही होता. तिथली नर्स आता महाडला एका औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या कापून देत होती. आणि अशा वेळी हा व्हिडिओ.

दोन दिवसांत तो पोलादपुरात घरोघर झाला. कामचोर, हाकला हिला, आमच्या पोरी शिकून घरी बसल्यात, असलं काय काय खाली लिहिलेलं. आम्रपालीने वाचायचं नाही ठरवलं आणि सगळं वाचलं. भाजीवाला मेथीची जुडी देताना म्हणाला, "सिस्टर, वाळली का साडी?" अरविंदला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी तोच व्हिडिओ दाखवला. तो घरी येऊन बराच वेळ बूट न काढता बसला होता.

"काय म्हणालास त्यांना?"

"म्हटलं, माझी बायको आहे. मग त्यांनी मला चहा पाजला."

कमळाबाईंनी मात्र सुनेची बाजू घ्यायचं मनावर घेतलं, आणि तेच महागात पडलं. विहारात बायकांनी विषय काढल्याबरोबर त्या ठणकावून बोलल्या, "साडी माझी हाय! वाळत घालायला मीच दिली व्हती तिला! सासूचं काम करते ती, कुणाच्या बापाचं नाय!"

"आई!" आम्रपालीने कपाळाला हात लावला. "आता तर सगळ्यांना खात्रीच पटली."

"मग काय सांगाया पायजे व्हतं?"

हे सांगणं सोपं नव्हतं. तालुक्याच्या कचेरीत बोलावणं आलं तेव्हा तर फारच अवघड गेलं.

तालुक्याच्या आरोग्य अधिकारी डॉ. निशा मॅडम पुण्याकडच्या. वय फार नाही, पण खुर्चीने चेहरा ओढल्यासारखा झालेला. टेबलावरचा फोन सारखा थरथरत होता, त्या तो उपडा करून ठेवत होत्या.

"सिस्टर, सकाळपासून वरून फोन येतायत. मला एवढंच सांगा, तुम्ही साडी वाळवत होता?"

"नाही मॅडम."

"मग?"

आम्रपालीने सांगितलं. ऐनाचं झाड, काठ्या, लाल लुगडं, धुक्यातलं ताट. सांगता सांगता तिचं तिलाच ते पोरखेळासारखं वाटायला लागलं. कोपऱ्यातला कारकून हसू दाबायला म्हणून खोकला. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे मी वर काय म्हणून सांगू? नर्स साडीने निरोप देते?"

"तिथं दुसरं काही पोचत नाही, मॅडम."

मॅडमनी एक कोरा कागद पुढे सरकवला. आवाज खाली आणला. "हे बघा. तुमचं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. दोन ओळी लिहून द्या. चूक झाली, पुन्हा होणार नाही. विषय मिटेल. बोरखिंडची जागा तशीही राहत नाही. तुम्हाला मी इथं पोलादपुरात घेते. घर जवळ, घाट नाही, कातळ नाही."

खोटं कशाला सांगायचं, आम्रपालीला मोह झाला. दुपारी घरी जाऊन गरम वरणभात. अंकिताच्या दोन्ही वेण्या. पावसाळ्यात घाटात स्कूटी घसरायची धास्ती नाही. तिने पेन उचललं, 'चूक' एवढा शब्द लिहिलाही. मग तिला उद्याची सकाळ दिसली. ललिता आजी चुलीपुढून उठणार, डोळ्यांवर हात धरून कातळाकडे बघणार, आणि ऐनावर काही नसणार. आजी वाट बघेल. दुपारपर्यंत बघेल. दुसऱ्या दिवशी परत बघेल.

तिने पेन ठेवलं.

"मॅडम, मी साडी वाळवत नव्हते. वाळवत होते असं मला लिहिता येणार नाही."

"विचार करून बोला. मी सोमवारी स्वतः पाहणीला येते. केंद्र रिकामं दिसलं तर जागा तर जाईलच, तुमचा करारही पुढे जाणार नाही. मग मला दोष देऊ नका."

"नाही देणार. या तुम्ही सोमवारी. वाड्यांचाच दिवस आहे."

कचेरीत काय बोलणं झालं ते तिने घरी कुणाला सांगितलं नाही. फक्त बोरखिंडची आशाताई शर्मिला, जी तिच्याबरोबर वाड्यांवर फिरायची, तिला तेवढं सांगितलं. इथंच चूक झाली.

सोमवारी मॅडमच्या गाडीमागून, लांबच्या वळशाच्या कच्च्या रस्त्याने, आम्रपाली उपकेंद्राशी पोचली, तर केंद्राला जत्रेची कळा. पायऱ्यांवर माणसं, ओट्यावर माणसं, पलंगावर तिघं. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या. शर्मिला दारात उभी, घाम पुसत, डोळ्यांनी आम्रपालीला खुणावत: कशी केली कमाल?

मॅडम आत गेल्या, खुर्ची ओढून बसल्या. पहिला नंबर चंदू ढेबेंचा. वरच्या वाडीतला पांढऱ्या मिशांचा धनगर.

"काय होतंय, काका?"

"ताप हाय."

मॅडमनी मनगट धरलं, कपाळाला हात लावला. "ताप तर नाहीये."

"रातचा येतो," चंदूकाका जमिनीकडे बघत म्हणाले.

दुसऱ्याच्या पोटात दुखत होतं आणि हात गुडघ्यावर होता. तिसरीला चक्कर येत होती, पण कुठल्या बाजूने ते तिला शर्मिलाकडे बघून आठवावं लागलं. उंबऱ्यावर ललिता आजी पान चघळत बसली होती.

"तुम्हाला काय होतंय, आजी?"

"मला काय नाय. शर्मिला बोलली या, म्हनून आले. तू कशाला आलीस?"

कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमचा चेहरा मात्र दगडासारखा झाला. त्या उठून बाहेर ओट्यावर आल्या.

"सिस्टर, तो व्हिडिओ एक वेळ मी पोटात घातला असता. हे नाही घालणार. गर्दी गोळा केलीत?"

आम्रपालीचे कान तापले. मी केली नाही, असं म्हणता आलं असतं. मग सगळं शर्मिलाच्या गळ्यात पडलं असतं. गप्प राहून ही डोकी मोजू द्यावीत, तर मोजायला भरपूर होती. ती पायरीवर उभी राहिली.

"सगळे घरी जा."

"अवो सिस्टर..." शर्मिला पुढे आली.

"घरी जा म्हणते ना. आज सोमवार आहे. नेहमीसारखं करायचं. मी कातळावर जाते. ज्याला खरंच गरज आहे त्याने काठी उभी करा. आणि गरज नसताना कुणी केली, तर सगळ्यात जाड सुई मी त्यालाच टोचीन."

माणसं खाली मान घालून पांगली. उतारावर रंगीबेरंगी मुंग्यांची रांग लागल्यासारखी दिसायला लागली. मॅडम गाडीकडे निघाल्या होत्या.

"मॅडम, एवढं आलात तर कातळापर्यंत चला. मग काय लिहायचं ते लिहा."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, आणि पायवाटेकडे वळल्या. टाचांच्या चपला होत्या. अर्ध्या चढावर त्यांनी त्या हातात घेतल्या.

कातळावर ऊन चांगलंच तापलं होतं. मोहोराचा वास येत होता, खाली दरीत घार गोल फिरत होती. आम्रपालीने पर्समधून नारिंगी साडी काढली. उन्हाने एका अंगाला विटून पिवळट पडलेली. ऐनाच्या फांदीला तिने ती बांधली, चारही टोकं ओढून बघितली, आणि मॅडमच्या शेजारी बसली.

घाटातून एक गाडी आली, वळणावर हळू झाली, काच खाली झाली आणि मोबाइल धरलेला एक हात बाहेर आला. मॅडमनी झटकन ओढणी तोंडावर घेतली.

"हसा मॅडम," आम्रपाली म्हणाली. "उद्या तुम्ही पण याल."

ओढणीच्या आत मॅडम हसल्या की काय, कळलं नाही.

समोरचा उतार शांत. कौलं, गवताची गंजी, एखादी गाय. काठी एकही नाही. चारचौघांत त्यांना बोलले, राग आला असेल, आम्रपालीच्या मनात आलं. आपणच आपल्या हाताने बोर्ड उतरवला.

"कुणी दिसत नाही," मॅडम म्हणाल्या.

"घरी पोचू द्या, मॅडम."

मग मधल्या वाडीत एक निळी उभी राहिली. पाठोपाठ खालच्या अंगाला हिरवी. बऱ्याच वेळाने एका कडेला चौकड्याची लुंगी. मॅडम आपोआप उठून उभ्या राहिल्या होत्या, कपाळावर हात धरून.

"तीनच?"

"तीनच असतील गरजू. बाकीचे मघाशी बरे झाले."

आणि तेवढ्यात, अगदी वरच्या वाडीत, कडेच्या घरासमोर, लाल.

आम्रपालीने पर्स उचलली. "लाल आहे. आधी तिथं. चंदूकाकांचं घर आहे ते."

"ते तापवाले? त्यांना काही नव्हतं."

"त्यांना नव्हतं. घरात बाळंतीण आहे."

मॅडमनी चपला पायात घातल्या आणि त्या तिच्या मागोमाग निघाल्या. उतरण, ओढा, पुन्हा चढण. ताप होता तो चंदूकाकांच्या सुनेला. छाती दगडासारखी भरलेली, बाळ तोंड लावायचं आणि रडून सोडून द्यायचं, दोन रात्री घरात कुणाला झोप नव्हती. सकाळी शर्मिलाचा निरोप आला तेव्हा केंद्रात जायचं म्हणून घरातला कर्ता माणूस गेला. बाळंतिणीला दरीत कोण उतरवणार? आणि खुर्चीत बसलेल्या परक्या बाईला सुनेच्या छातीचं कसं सांगायचं, म्हणून बिचाऱ्याने तिचा ताप स्वतःच्या अंगावर घेतला होता.

आम्रपालीने गरम पाणी मागितलं. मॅडम दारात उभ्या होत्या, त्या आत आल्या, बाह्या वर सारल्या आणि जमिनीवर बसल्या. "द्या इकडे फडकं," म्हणाल्या. शेकताना, हलक्या हाताने दूध काढताना त्यांच्या चेहऱ्यावरची ती खुर्ची कुठे गेली ते त्यांनाही कळलं नसेल. सून दात आवळून होती. मग गाठ सैल झाली, बाळाने धरलं, आणि घरभर एक गुटूगुटू आवाज सुरू झाला. चंदूकाकांनी अंगणातून विचारलं, "पितोय काय गो?"

"पितोय!" मॅडमच ओरडल्या.

गोळ्या दिल्या, कधी घ्यायच्या ते समजावलं, कोरा चहा प्यायल्या. मग राहिलेल्या तीन काठ्या. ललिता आजीच्या अंगणात काठी नव्हती, पण आजी वाटेवर उभी होती. मॅडमना नीट न्याहाळून म्हणाली, "आता कळलं, तू कशाला आलीस ते."

परत कातळावर आल्यावर मॅडमना आठवलं, पाहणीचा फोटो जागेवरूनच पाठवायचा असतो. त्यांनी मोबाइल उंच धरला. जाईना.

"डावीकडे, मॅडम. अजून वर. टाचा उचला."

ड्रायव्हरने वळणावर आणून ठेवलेल्या गाडीत बसताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "घरी जाऊन तपासलेला माणूसही मोजायला हवा, हे मी लिहिते. वर काय होईल ते सांगता येत नाही."

सांगता येत नव्हतंच. मार्च संपला, करार संपला. एक दिवस घरी बसायचं ते आम्रपाली बसली. दुसरा दिवस उजाडला, हुकूम नाही. तिसरा उजाडला. कमळाबाई उगाचच सांडगे घालायला बसल्या आणि सुनेला समोरून हलू देईनात. चौथ्या दिवशी दुपारी कचेरीतून फोन आला. बोरखिंड राहतंय. करार नवा. घरभेटी धरल्या जाणार. आम्रपालीने फोन ठेवला आणि सांडग्यांच्या पिठाच्या हातानेच सासूला मिठी मारली.

"अगो, माझं लुगडं!" कमळाबाई ओरडल्या, पण सोडवून घेतलं नाही. मग उठून त्यांनी कपाटातून एक साडी काढली, राणी रंगाची, जवळजवळ नवी. "ही ने. ती विटलेली लांबून काय डोंबल दिसणार? हिरवी देत व्हते, पन झाडांत मिसळंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी कातळावर आम्रपालीने ती राणी रंगाची साडी बांधली आणि समोर पाहिलं. खालच्या वाडीत एक काठी उभी राहिली. मग दुसरी. मधल्या वाडीत चार एकदम. वरच्या वाडीत ओळीने. पिवळी, निळी, हिरवी, चौकड्याची, लाल, अजून एक लाल. बघता बघता अख्खा उतार काठ्यांनी भरून गेला. एवढी माणसं एकदम आजारी? साथ आली! पर्स छातीशी धरून ती पायवाटेला लागणार, तोच दरीच्या तळातून ताटं वाजायला लागली. धुकं नाही, पाऊस नाही, लख्ख ऊन पडलेलं, आणि ताटं.

ती कातळावर मटकन बसली. हसत होती की रडत होती, हे शेजारी हजेरीसाठी हात उंच करून उभ्या असलेल्या मास्तरांनाही ठरवता येईना.

"सिस्टर," मास्तर म्हणाले, "एवढ्या सगळ्यांना जाड सुई टोचायची म्हणजे सुया पुरणार नाहीत तुम्हाला."

पुढच्या महिन्याची तालुक्याची बैठक सोमवारी होती. सगळ्या नर्सा, आशाताया, डॉक्टर मंडळी. डॉ. निशा मॅडमनी बोरखिंडची हकिकत स्वतः सांगितली, कातळावर टाचा उचलल्या होत्या तेही सांगितलं. टाळ्या वाजल्या. खोकणारा कारकूनही वाजवत होता. मग मॅडम म्हणाल्या, "सिस्टर गमरे, उभ्या राहा. तुम्हाला काही मागायचंय? सगळ्यांसमोर मागा."

मागच्या रांगेतून कुजबुज झाली. "टॉवर माग." "कायम करायला सांग." "बदली माग, वेडे."

आम्रपाली उभी राहिली. खिडकीतून घाटाची बाजू दिसत होती.

"मॅडम, बैठक सोमवारी ठेवू नका. मंगळवारी ठेवा."